जिऱ्याचा दहावा हिस्सा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र होतं, की बायबल हे माणसाला धार्मिक करण्यासाठी, म्हणजे पर्यायाने त्यांच्या धर्मात ओढण्यासाठीच लिहिलंय, म्हणून ज्याने त्याने आपापला ग्रंथ वाचावा आणि दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. पत्र सभ्य होतं, कुठे वाकडा शब्द नव्हता, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. नाहीतर हल्ली मी अशा वादात पडत नाही, बीपीच्या गोळ्या आधीच दोन आहेत.

आधी माझी ओळख. वय ६४, बँकेतून रिटायर, राहणार लोकमान्य नगर. घरात देवघर आहे, रोज दिवा लागतो, गुरुवारी दत्ताची आरती असते आणि यातलं काही बदलायचा माझा विचार नाही. हे आधीच सांगून टाकते कारण आमच्या वाचक मंडळात मी मराठी बायबल घेऊन गेले तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, "काय हो, तिकडे जायचा विचार आहे का?" मी म्हटलं ज्ञानेश्वरी वाचून कोणी आळंदीला राहायला गेलंय का आपल्यापैकी? सगळ्या हसल्या पण प्रश्न काही मिटला नाही, तो तुमच्या पेपरापर्यंत येऊन पोचलाच.

तर बायबल माझ्या हातात आलं कसं ते सांगते. आमच्या गल्लीत एक सिस्टर राहतात. नन नाही हं, रिटायर नर्स. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती, नोकरीसाठी इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. वय आता ७८. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते, त्यांचा नातूसुद्धा कधीकधी. नाताळात त्यांच्याकडून करंज्या आणि चिवडा येतो, दिवाळीत आमच्याकडून जातो, फराळ तोच, तारीख फक्त वेगळी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद सांगितलं. त्या मला म्हणाल्या, "अगं, संध्याकाळी अर्धा तास येऊन वाचून दाखवशील का, मला सवय आहे, वाचल्याशिवाय झोप लागत नाही." मी म्हटलं त्यात काय. डोळे बरे झाले, चष्मा आला, वाचन मात्र चालूच राहिलं, कारण तोपर्यंत मलाच चटक लागली होती.

त्यांचं बायबल बघण्यासारखं आहे. काळं रेक्झिनचं कव्हर, कोपरे झिजून आतला पुठ्ठा दिसतोय, शिवण सुटलीये म्हणून वरून रबरबँड. आत खुणेला जे सापडेल ते घातलेलं, लाईटचं बिल, सिटी बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, गेलेल्या नवऱ्याचा पासपोर्ट साइज फोटो. पानांना हळदीचे डाग, कारण त्या स्वयंपाकघरात ओट्याशी बसून वाचतात. आमच्याकडे पोथी सोवळ्यात, लाल कपड्यात बांधून. मला पहिल्या दिवशी जरा कसंतरीच झालं होतं खरं सांगायचं तर.

आता मुद्द्यावर येते. मीही त्या पत्रलेखकांसारखंच धरून चालले होते की धर्मग्रंथ म्हणजे पूजा कशी करावी, उपास किती करावे, काय खावं काय खाऊ नये, आणि हे सगळं केलंत तर स्वर्ग. हे सगळं त्यात आहेसुद्धा. लेवीय नावाचं पुस्तक आहे त्यात बळी, होम, शुद्ध-अशुद्ध, कोणतं जनावर चालतं कोणतं नाही, पानंच्या पानं. गणना नावाचं आहे त्यात नावांच्या याद्या. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलंय की जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, वाचायला घेतला की त्यांना झोप यायची, आणि पुढे येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं ते मात्र थेट काळजाला भिडलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण लेवीयमध्ये मी दोनदा पेंगले आणि सिस्टरांनी दोनदा चहा पाजला.

पण हे एक पुस्तकच नाही हो. अख्खं कपाट आहे. प्रोटेस्टंट लोकांकडे ६६ पुस्तकं, कॅथलिकांकडे ७३, वेगवेगळ्या शतकात वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली, आणि ती सगळी एका सुरात बोलत नाहीत. एस्तेर नावाचं पुस्तक घ्या, राणी, राजा, दरबारातलं कारस्थान, सगळं आहे, आणि मूळ हिब्रूत देवाचं नाव एकदाही येत नाही. गीतरत्न म्हणून आहे ते तर सरळसरळ प्रेमाच्या कविता, मला मोठ्याने वाचायला लाज वाटत होती आणि सिस्टर खुदुखुदु हसत होत्या. उपदेशक म्हणतो सगळं व्यर्थ आहे, वाऱ्यामागे धावणं आहे. आणि ईयोब! बिचाऱ्याची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली, आणि तीन मित्र समाचाराला येऊन बसले ते काय तर, तुझ्याच हातून काहीतरी पाप झालं असणार. आपल्याकडे नाही का मयताला येऊन म्हणतात, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. ईयोब काही ऐकून घेत नाही, तो देवाशीच भांडतो, पानंच्या पानं, माझं काय चुकलं ते सांग. आणि शेवटी देव कोणाला झापतो? त्या तीन धार्मिक मित्रांना. म्हणतो तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. आता लोकांना देवभोळं करायचं पुस्तक असतं तर असला माणूस त्यात ठेवला असता का कोणी?

मग आला आमोस. हा माझा सगळ्यात आवडता. इसवी सनाच्या आधी आठव्या शतकातला, मेंढरं राखणारा आणि उंबरासारखी फळं येणाऱ्या झाडांची निगा करणारा साधा माणूस, पुजाऱ्यांच्या घरातला नाही, स्वतःच सांगतो की मी कोणी संदेष्टाबिंदेष्टा नाही. तो मोठ्या देवळाच्या गावात येऊन देवाच्या नावाने सांगतो की तुमचे सणवार मला नकोसे झालेत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आणि व्यापाऱ्यांवर असा काही घसरतो की मला आमच्या इंदूरचा सियागंज बाजारच आठवला (तिथल्या सगळ्यांना म्हणत नाही, माझे मामेसासरे तिथेच दुकानात होते). म्हणतो हे लोक शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, दुकान बंद ठेवतात खरे, पण मनात काय, कधी एकदाचा हा सण संपतो आणि धान्य विकायला काढतो, माप लहान करू, तागडीत खोट ठेवू, गव्हातलं भूससुद्धा विकू, आणि गरिबाला चपलेच्या जोडावर विकत घेऊ. म्हणजे सण पाळलाय, अगदी काटेकोर पाळलाय, आणि तरी देवाला त्याचा वीट आलाय. तिथल्या पुजाऱ्याने शेवटी त्याला सांगितलं, बाबा तू तुझ्या गावाला जा आणि तिकडे काय ती भाकरी खा. साहजिकच आहे, उत्सव कमिटीत असा माणूस कोणाला चालतो?

आता एक गोष्ट सांगते, सांगू की नको असं चाललं होतं पण पत्र लिहायलाच बसले आहे तर सांगते.

गेल्या वर्षी आषाढी एकादशीला आमच्याकडे भजनी मंडळ होतं, बारा-तेरा बायका. सकाळपासून साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, उपास म्हणजे काय विचारू नका, एकादशी आणि दुप्पट खाशी ते उगीच नाही म्हणत. आमच्याकडे काम करणारी ताई दहा वाजताच म्हणाली, दीदी, मुलाला रात्रीपासून ताप आहे, मी जाऊ का. मी म्हटलं, अगं बायका यायच्यात, भांडी तेवढी करून जा. ती राहिली. कढया, परात, तेरा ताटं, तेरा वाट्या, दीड वाजला. जाताना तिने महिन्याच्या पैशांचं विचारलं, औषध घ्यायचं होतं तिला, आणि मी पदराला हात पुसत म्हटलं, उद्या घे गं, आज एवढ्या गडबडीत कुठे कपाट उघडू. ती बरं म्हणाली. आत बायका "खेळ मांडियेला" म्हणत होत्या.

संध्याकाळी मी सिस्टरांकडे गेले. खूण बायबलमधल्या यशया नावाच्या पुस्तकात होती, ५८वा अध्याय, मी काही निवडला नव्हता आणि सिस्टरांना आमच्या घरात दिवसभरात काय झालं ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी वाचायला लागले. लोक देवाकडे तक्रार करतायत की आम्ही उपास केला, तू बघितलं का नाहीस? आणि देव म्हणतो, तुमच्या उपासाच्या दिवशी तुम्ही आपलंच काम साधता, आणि तुमच्या कामकऱ्यांना राबवून घेता. पुढे म्हणतो मला असला उपास हवाय का, मान लवलवत्या गवतासारखी वाकवायची आणि राखेत बसायचं? भुकेल्याला आपल्यातली भाकर दे, जुलमाच्या गाठी सोड, बेघराला घरात घे, आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नको, हा खरा उपास.

मला पुढे वाचवेना. पुस्तकात बोट घालून बसले. सिस्टर म्हणाल्या काय झालं, घसा बसला का? मी म्हटलं हो, साबुदाण्याने. आणि मग सांगितलं खरं काय ते. त्या काहीच बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या आणि फ्रीजवरच्या डब्यातून तापाचं औषध काढून दिलं, म्हणाल्या तिचं घर कुठेय माहितीय ना तुला?

माहीत नव्हतं. अकरा वर्षं घरात काम करतेय. फोन करून विचारलं, रिक्षाने तिच्या घरी गेले, पैसे त्याच रात्री दिले. मुलगा बरा झाला, व्हायरल होतं. हे मी माझं पुण्य म्हणून सांगत नाहीये, उलट आहे. त्या रात्री मला धार्मिक वगैरे अजिबात वाटलं नाही, लाज वाटली, आणि सकाळपासून माझ्याइतकं धार्मिक त्या गल्लीत कोणी नव्हतं.

आता जिऱ्याचं. मत्तय म्हणून येशूच्या चरित्राचं पुस्तक आहे, त्याच्या २३व्या अध्यायात येशू त्या काळच्या शास्त्र्यांना आणि परूशी लोकांना असा काही फैलावर घेतो की वाचताना वाटतं हा माणूस पुढे सुळावर गेला यात नवल ते काय. परूशी म्हणजे कोणी बदमाश नव्हते हं, उलट सगळ्यात नेमाने धर्म पाळणारे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा हा नियम, तर हे लोक परसातल्या पुदिन्याचा, शेपूचा आणि जिऱ्याचासुद्धा दहावा हिस्सा मोजून द्यायचे. येशू म्हणतो, ते देता, आणि न्याय, दया, विश्वास या नियमशास्त्रातल्या मोठ्या गोष्टी सोडून देता. डास गाळून काढता आणि उंट गिळता. मी हसायलाच लागले, कारण आमच्या इंदूरला जिरं म्हटलं की जिरावण, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, आणि माझ्या डोळ्यासमोर आलं की कोणी एक भाऊ छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कोपऱ्यावर उभा राहून पोह्यांवरच्या जिरावणाचा दहावा भाग चमच्याने मोजून बाजूला ठेवतोय आणि मागे गिऱ्हाईक ताटकळतंय. पण तिथे एक बारीक गोष्ट आहे जी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सुटली. येशू असं म्हणत नाही की जिरं देऊ नका. म्हणतो या मोठ्या गोष्टी करायच्या होत्या आणि त्या लहानही सोडायच्या नव्हत्या.

ही बारीक गोष्ट सिस्टरांनी दाखवली. कारण एकदा मी अगदी जोरात आले होते की बघा सिस्टर, तुमचं पुस्तकच सांगतंय की धर्म-बिर्म काही नको, नुसतं चांगलं वागा. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "तू गवार निवडतेस तशी वाचतेस, कोवळी कोवळी घेतेस आणि जून टाकून देतेस. योहान काढ." काढला, तेही येशूच्या चरित्राचंच पुस्तक. २०व्या अध्यायाच्या शेवटी सरळ लिहिलंय की येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असा तुम्ही विश्वास धरावा म्हणून हे लिहिलं आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने हेतू स्वतःच सांगून टाकलाय, लपवलेला नाही. सिस्टर म्हणाल्या, "हे टाकून देऊन बाकीचं तुझं म्हणू नको. मी दर रविवारी चर्चला जाते ते काय फिरायला?" मी गप्प.

मग म्हणाल्या लेवीय काढ. मी म्हटलं नको हो, झोप येते. म्हणाल्या १९वा काढ. तर त्या बळी-होमाच्या, मी पेंगलेल्या पुस्तकात काय लिहिलंय बघा, शेताची कापणी करताना कडेकोपरे अगदी शेवटपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा. हे सगळं एकाच अध्यायात, आणि जवळपास कोणतं सूत कोणत्या सुतात विणू नये तेसुद्धा. मजुरीचं वाक्य मी दोनदा वाचलं. एकादशीच्या आधी वाचलं असतं तर, असं मनात आलं, पण आधी वाचलंच होतं, पेंगत.

तेव्हा पत्रलेखकांना मी एवढंच म्हणेन की बायबलला माणसाने विश्वास ठेवावा असं वाटतं हे तुमचं बरोबर आहे. पण विश्वास आणि आपण ज्याला धार्मिक म्हणतो ते, या दोन गोष्टी त्याच पुस्तकात वेगळ्या काढलेल्या आहेत. याकोबाच्या पत्रात आहे की देव एक आहे असं तू मानतोस ना, छान, भुतंसुद्धा मानतात आणि थरथर कापतात. आणि त्याच पत्रात शुद्ध धर्म कशाला म्हणायचं तेही लिहिलंय, अनाथ आणि विधवांच्या संकटात त्यांची विचारपूस करायची आणि जगाचा डाग लागू द्यायचा नाही. बास, एवढंच. घंटा नाही, मेणबत्ती नाही. येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल अथेन्सला जातो तेव्हा तिथल्या लोकांना म्हणतो, तुम्ही फारच देवभक्त दिसता, तुमच्याकडे तर अज्ञात देवाचीसुद्धा वेदी आहे, म्हणजे चुकून कोणी राहायला नको. आमच्या घरी पंचायतनाच्या बाजूला प्रवासातून आणलेले देव ठेवत ठेवत आता दिव्याला जागा उरली नाहीये, त्यामुळे अथेन्सकर मला फार जवळचे वाटले. पौल त्यांना अजून धार्मिक व्हा म्हणत नाही, ते आधीच भरपूर होते.

हा वाद ख्रिस्ती लोकांत आपापसातही झालेला आहे. जर्मनीतले बोनहॉफर नावाचे पाद्री हिटलरच्या तुरुंगात होते, १९४४ मध्ये तिथून मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी धर्माविना ख्रिस्तीपण कसं असेल असा प्रश्न मांडला. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं. आणि हे लिहिणारा माणूस तुरुंगात रोज स्तोत्रं वाचत होता, प्रार्थना करत होता, म्हणजे सिस्टर म्हणतात तेच, जिरंही सोडायचं नाही.

आपल्या मराठीतलं तर विसरूच नका. पंडिता रमाबाई. संस्कृत पंडिता, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि मग तिथल्या नन्सशी पत्रांतून भांडत राहिल्या, की आमच्या भटजींचं जोखड मी एवढ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय ते काय तुमच्या पाद्र्यांचं चढवून घ्यायला? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलींना घेऊन गेल्या, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, साध्या बाईला वाचता यावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये. दुसरे ना. वा. टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दिला, पुढे १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, घरात काय वादळ झालं ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंच आहे. पण तेच टिळक म्हणायचे की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून. आता पूल म्हटला की त्यावरून जाता येतं तसं येताही येतं, मी रोज संध्याकाळी जाते आणि सात वाजता दिवा लावायला घरी येते.

धर्मांतराचा मुद्दा आहे, तो नाही असं मी म्हणत नाही. आपल्या मध्य प्रदेशात १९५६ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला, १९६८ मध्ये धर्मांतराविषयी कायदा झाला, त्यामागे काही कारणं लोकांनी दिलेली आहेत आणि मिशनरी बायबल घेऊन आले ते नुसतं वाचून दाखवायला नाही हेही खरं. अमेरिकेत गुलाम ठेवणारे हेच पुस्तक काढून दाखवायचे आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारेही हेच. पुस्तक कोणाच्या हातात आहे त्यावर पुष्कळ असतं. पण मग इंदूरला १८८७ मध्ये कॅनडाच्या मिशनने कॉलेज काढलं, त्यात आमच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं शिकली, आणि त्या कॉलेजचं नाव आज लोकांना कशामुळे माहीत आहे तर किशोर कुमारच्या कँटीनच्या उधारीमुळे. पाच रुपैया बारा आना. मिशनऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल.

शेवटची गोष्ट इथलीच आहे, आणि तरुण लोकांना बहुतेक माहीत नसते. सिस्टर राणी मारिया, केरळच्या, उदयनगरकडे आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या, सावकाराच्या पाशातून त्यांना सोडवायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसने इंदूरला यायला निघाल्या आणि वाटेत बसमध्येच त्यांच्यावर सुऱ्याने वार करून खून झाला. ज्याने केला तो पकडला गेला, जन्मठेप झाली. त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही नन, ती तुरुंगात जाऊन त्या माणसाला राखी बांधून आली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, तो सुटल्यावर केरळला त्यांच्या आईला भेटायला गेला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच मोठा कार्यक्रम होऊन चर्चने राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, जाहीर केलं.

त्या दिवशी मी सिस्टरांना विचारलं होतं, तेव्हा वाचन वगैरे काही सुरू नव्हतं, नुसती शेजारीण म्हणून, की तुमच्या बायबलमध्ये राखी कुठे आहे? त्या म्हणाल्या, "राखी नाही गं, शत्रूवर प्रीती करा एवढंच आहे. ते कसं करायचं ते ज्याने त्याने आपल्या गावचं बघायचं."

असो. पत्र फार लांबलं, तुम्ही कापणारच, फक्त एकादशीचं कापू नका, ते लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागलाय. आणि त्या पत्रलेखकांना निरोप की आमचं वाचक मंडळ दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी चार वाजता भरतं, पुरुषांना मनाई नाही, या वेळी आमोस घेतलाय, नऊच अध्याय आहेत, तासाभरात होतो. सिस्टर येणार आहेत. वाद घालायचा असेल तर त्यांच्याशी घाला, माझ्याशी नको. पोहे असतील, जिरावण घरचं.

आपली नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर